दगड आधी, पाणी शेवटी

पहिली टाकी लावायला घेताना सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी: इथं पाणी कोणत्या बाजूनं आलं आणि कोणत्या बाजूला गेलं? साठ सेंटीमीटरच्या काचेच्या पेटीत प्रवाह असतो तो फिल्टरचा, आणि तोही बेताचा. तरीही त्यातला दगड, आडवं पडलेलं मूळ, वाळूचा पट्टा आणि शेजारचं रोप या सगळ्यांना एकाच ओघानं आपापल्या जागी आणून सोडलं आहे असं वाटलं, की मांडणी खरी वाटते. हा धागा सुटला तर महागडे दगड आणि दुर्मीळ रोपं आणूनही टाकीत फक्त वस्तू दिसतात.

हे शिकायला सह्याद्रीतला कुठलाही ओढा पुरतो. पाऊस ओसरला, पाणी उतरलं, की कार्तिक-मार्गशीर्षात पात्र उघडं पडतं. मोठा खडक जागचा हललेला नसतो. पाणी जिथं त्याच्यावर आदळतं तिथला तळ खरवडून खोल झालेला असतो आणि मागच्या आडोशाला वाळू साचलेली असते. त्या वाळूवर गाळ बसतो आणि लव्हाळं नेमकं तिथंच रुजतं. पुरात वाहून आलेलं झाड अडकतं तेव्हा मुळांचा जड गड्डा बहुधा वरच्या अंगाला राहतो आणि खोड खालच्या अंगाला वळतं. खडकाच्या पायथ्याशी त्याच खडकाच्या कपच्या पडलेल्या असतात. यातली एकही गोष्ट सजावटीसाठी झालेली नाही. प्रत्येकीला कारण आहे. पाण्याखालची बाग रचणं म्हणजे ही कारणं टाकीत उतरवणं.

दोन परंपरा

पाणवनस्पतींची टाकी हा छंद म्हणून रुजला तो नेदरलँड्समध्ये, १९३०च्या दशकात. डच पद्धतीत सगळा भर रोपांवर असतो. वेगवेगळ्या रंगांच्या आणि पानांच्या रोपांचे गट, समोरून मागे चढत जाणाऱ्या रांगा आणि त्यांच्यामधून सोडलेल्या मोकळ्या पट्ट्या. दगड-लाकडाला तिथं दुय्यम जागा. ती पद्धत देखणी आहे, पण दर आठवड्याला छाटणी मागते. कोणतं रोप किती वेगानं वाढतं याची जाण हातात मुरलेली असेल तरच ती साधते.

दुसरी वाट जपानची. ताकाशी आमानो (१९५४–२०१५) हे निगाताचे छायाचित्रकार, त्याआधी व्यावसायिक सायकलपटू. मोठ्या आकाराच्या फिल्म कॅमेऱ्यानं त्यांनी जगभरच्या वर्षावनांची छायाचित्रं काढली. १९८२ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्वा डिझाइन आमानो’ ही कंपनी काढली आणि ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ नावाची शैली घडवली. त्यांनी टाकीत बागेच्या रांगा आणल्या नाहीत. डोंगरउतार, जंगलाची कड, ओढ्याचं पात्र आणलं. यामागे जपानी उद्यानकलेची जुनी शिदोरी होती. अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या उद्यानशास्त्रावरच्या ग्रंथात दगड कसा रोवावा याला मोठं स्थान आहे. लिस्बनच्या ओशनारियममध्ये २०१५ साली आमानोंनी उभारलेली टाकी ४० मीटर लांब आहे आणि तिच्यात १ लाख ६० हजार लिटर पाणी आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले.

पहिल्या टाकीसाठी मी दुसरी वाट सुचवतो. रोपं वाढतात, कुजतात, बदलावी लागतात. दगड-लाकडाचा सांगाडा पहिल्या दिवशी जसा असतो तसाच वर्षानंतरही राहतो. सांगाडा चांगला असला की रोपांच्या बाबतीतल्या नवशिक्या चुका तो पोटात घालतो.

टाकी आणि तळ

६० × ३० × ३६ सेंटीमीटर हे माप सुरुवातीला सोयीचं. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६५ लिटर मावतात. दगड-माती घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपास राहतं. काच, माती, दगड आणि पाणी मिळून वजन ८० किलोंच्या घरात जातं, तेव्हा टेबल मजबूत आणि पातळीत हवं. निवडीला वाव असेल तर उंचीपेक्षा समोरून मागची रुंदी जास्त घ्यावी. ३० ऐवजी ४५ सेंटीमीटर रुंदी मिळाली तर दगडांना एकमेकांच्या पुढे-मागे उभं राहायला जागा मिळते आणि दृश्याला खोली येते.

तळ सपाट ठेवू नये. समोर तीन सेंटीमीटर आणि मागे दहा-बारा सेंटीमीटर असा चढ द्यावा. सपाट तळ समोरून पाहताना एक रेघ दिसतो. चढता तळ जमीन दिसतो. मात्र दाणेदार माती महिन्याभरात हळूहळू खाली घसरते आणि चढ बसतो. म्हणून मागच्या भागात तळाशी लाव्हा दगडाची खडी भरावी, वर माती पसरावी आणि उतारावर मध्ये मध्ये दगडाच्या चपट्या कपच्या आडव्या रोवून बांध घालावेत. कोकणातला शेतकरी डोंगरउतारावर ज्या कारणासाठी बांध घालतो, तेच कारण इथं आहे. वजनदार दगड मात्र नुसत्या काचेवर टेकवू नये. खाली प्लास्टिकची जाळी किंवा पातळ फोम घालावा, म्हणजे एका टोकावर भार येऊन काच तडकत नाही.

दगड निवडताना

एका टाकीत एकाच जातीचा दगड. हा नियम पहिल्या वेळी मोडू नये. ओढ्यात येणारे दगड बहुधा एकाच डोंगराचे असतात, म्हणून त्यांचा रंग आणि पोत जुळतो. तसंच टोकदार दगड आणि गुळगुळीत गोटे मिसळू नयेत. टोकदार दगड कड्यावरून नुकता सुटलेला असतो, गोटा मैलोन्‌मैल घरंगळत आलेला असतो.

बाजारात सेइर्यू, ड्रॅगन स्टोन, लाव्हा रॉक, स्लेट हे दगड मिळतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याला आणखी एक चांगला दगड पायाखालीच आहे: बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचं पठार बनलं, त्याचा हा दगड. तो पाण्यात जवळपास काहीच सोडत नाही आणि ओला झाला की त्याचा काळा रंग हिरव्या रोपांमागे फार खुलतो. कोकणातला जांभाही चालतो. त्याच्या सच्छिद्र अंगावर मॉस पटकन पकड घेतं. फक्त लाल पाणी यायचं थांबेपर्यंत तो घासून धुवावा लागतो.

बेसाल्टच्या बाबतीत एक काळजी घ्यायची. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढं त्या पोकळ्यांमध्ये पांढरी खनिजं भरली. त्यांत कुठे झिओलाइट असतं, कुठे कॅल्साइट. झिओलाइटनं फरक पडत नाही. कॅल्साइट म्हणजे चुनखडीचंच खनिज. ते सावकाश विरघळून पाणी जड करतं. ओळखायचं असं: दगड कोरडा करावा, पांढऱ्या ठिपक्यावर खिळ्यानं खरवडून थोडी भुकटी काढावी आणि तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. भुकटीतून बारीक बुडबुडे सुटले, कान जवळ नेल्यावर चरचर ऐकू आली, तर तो दगड बाजूला ठेवावा. न खरवडता थेंब टाकले तर व्हिनेगर सौम्य असल्यानं परिणाम दिसत नाही आणि फसगत होते. संगमरवर, शिंपले आणि प्रवाळ या चाचणीत लगेच फसफसतात. दुकानातला सेइर्यूही थोडाफार चुना सोडतो. तो वापरायचा असेल तर पाणी अधिक वेळा बदलावं लागतं. ज्यांच्या घरी बोअरचं जड पाणी येतं त्यांनी तो टाळलेलाच बरा.

मुख्य दगड आणि त्याचा परिवार

टाकी कोरडी असताना, शक्यतो टाकीच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मांडणी करून पाहावी. पाणी भरल्यावर दगड हलवणं म्हणजे सगळं गढूळ करणं.

जपानी ‘इवागुमी’ पद्धतीत दगडांची संख्या विषम असते आणि प्रत्येकाला भूमिका असते. ‘ओयाइशी’ हा मुख्य दगड, सगळ्यांत मोठा. ‘फुकुइशी’ त्याच्या खालोखालचा, त्याला तोलून धरणारा. ‘सोएइशी’ मुख्य दगडाला लागून उभा राहणारा. ‘सुतेइशी’ हे लहान. ते पुढं रोपांत झाकलेही जातात, पण त्यांच्यावाचून मांडणी अर्धवट वाटते.

मुख्य दगड मधोमध नको. मधला दगड टाकीचे दोन सारखे भाग करतो आणि नजर तिथंच अडकते. ६० सेंटीमीटरच्या टाकीत एका बाजूपासून साधारण २३ सेंटीमीटरवर त्याची जागा येते. सुवर्ण गुणोत्तराचा हिशोब तिथंच नेतो. पाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत तो पोचावा. आता त्याला बसवायचं कसं? प्रत्येक दगडाला नैसर्गिक रेघा असतात: थर, भेगा, खाचा. दगड हातात फिरवून आधी या रेघा वाचाव्यात. ज्या बाजूला खडबडीतपणा आणि सावल्या जास्त, ती समोर. मग तो किंचित कलवावा, पाणी जिकडून येतं असं ठरवलं आहे त्या बाजूला तोंड करून. आता निदान एक चतुर्थांश भाग मातीत गाडावा. मातीवर नुसता टेकवलेला दगड कुणीतरी आणून ठेवलेला दिसतो. गाडलेला दगड खाली अजून बराच आहे असं सांगतो.

बाकीचे दगड लावताना त्यांच्या रेघा मुख्य दगडाच्या रेघांशी समांतर ठेवाव्यात. याच एका कसोटीवर बहुतेक पहिल्या मांडण्या फसतात. एका दगडाचे थर उभे, दुसऱ्याचे आडवे, तिसऱ्याचे तिरके झाले की ते एका डोंगराचे राहत नाहीत. दुसरी कसोटी अंतराची. दोन दगडांमधली अंतरं सारखी नसावीत. मुख्य दगडाजवळ दाटी आणि दूर जाताना विरळपणा. शेवटी त्याच दगडाची खडी फोडून पायथ्याशी पसरावी. मोठ्या तुकड्यांजवळ मध्यम, त्यांच्यापलीकडे बारीक, त्यांच्यापलीकडे वाळू. या उतरत्या आकारांमुळे मोठा दगड आणखी मोठा दिसतो.

वाळूची वाट ठेवायची असेल तर ती समोर रुंद आणि मागे अगदी अरुंद हवी: समोर बारा सेंटीमीटर, मागे दोन. वाट थोडी वळवावी आणि तिचं टोक दगडामागे लपवावं. तीस सेंटीमीटर रुंदीच्या टाकीत त्याहून दूरचं काही आहे असं नजरेला वाटतं ते यामुळेच.

मांडणी झाली की मोबाइलवर समोरून फोटो काढावा आणि तो काळापांढरा करून पाहावा. रंग गेले की उरतात फक्त उजेड-अंधाराचे आकार. मुख्य दगड लगेच ओळखू येतो का? सगळे माथे एका पातळीत तर आले नाहीत? हे प्रश्न फोटोत लवकर सुटतात. मांडणी दोन-चार दिवस तशीच कोरडी ठेवावी आणि येता-जाता सुधारत राहावी. या दिवसांत घाई करू नये, इतकंच मी आग्रहानं सांगेन.

लाकूड

लाकूड दगडांच्या नंतर, कारण ओढ्यातही ते दगडांना अडकूनच थांबतं. स्पायडर वूडच्या बारीक फांद्या किंवा मलेशियन ड्रिफ्टवूडचं जड खोड, दोन्ही चालतं. नदीकाठी मिळालेलं मूळही वापरता येतं, पण ते पूर्ण वाळलेलं, साल गेलेलं, वास नसलेलं आणि नखानं न दबणारं असावं. डिंक किंवा राळ असलेलं लाकूड नको.

वाळकं लाकूड तरंगतं. त्याच्या पोकळ्यांतली हवा जाऊन पाणी भरेपर्यंत ते बुडत नाही. तुकडा मावत असेल तर दोन तास उकळावा, नाहीतर काही आठवडे पिंपात बुडवून ठेवावा आणि पाणी बदलत राहावं. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं, ते टॅनिनमुळे. त्यानं माशांना अपाय होत नाही. पाणी बदलता बदलता रंग उतरतो. टाकीत गेल्यावर नव्या लाकडावर पांढरट बुळबुळीत थर येतो. तो बुरशीचा आणि जिवाणूंचा असतो, काही आठवड्यांत जातो, आणि कोळंबी व गोगलगायी तो आवडीनं खातात. घाबरून लाकूड बाहेर काढायची गरज नाही.

ठेवताना जाड बाजू दगडाच्या आधाराला, निमुळती टोकं प्रवाहाच्या दिशेनं. फांद्या एका गड्ड्यातून फुटल्यासारख्या दिसाव्यात. दोन तुकडे जोडले असतील तर जोड खडीनं किंवा मॉसनं झाकावा. एखादं टोक पाण्याच्या वर आलं तरी चालतं. पण काचेला टेकलेलं टोक टाकीची हद्द दाखवून देतं, म्हणून ते आत वळवावं.

रोपं

रोपांची जागा सांगाडाच सांगतो. दगडाच्या आडोशाला गाळ धरतो, म्हणून दाट झुपके तिथं. लाकडाच्या बेचक्यात ओल टिकते, म्हणून मॉस आणि फर्न तिथं. पाण्याचा मारा बसतो तो भाग उघडा.

पहिल्या टाकीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता भागवायचं तर सावकाश वाढणारी, चिवट रोपं घ्यावीत. अनुबियास नाना, जावा फर्न आणि बुसेफलँड्रा ही दगड-लाकडावर वाढणारी. त्यांना रायझोम असतो: पानं आणि मुळं जिथून फुटतात ते आडवं जाडसर खोड. हा मातीत पुरला तर कुजतो आणि रोप जातं. म्हणून ते बांधायचं असतं. अनुबियासची लांब मुळं कात्रीनं दोन सेंटीमीटरवर आणावीत, रायझोम फांदीच्या खाचेत बसवावा आणि सुती दोऱ्याचे तीन-चार सैल वेढे देऊन मागे गाठ मारावी. दोरा काही आठवड्यांत कुजून पडतो. तोवर मुळांनी लाकूड धरलेलं असतं. जेलसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदही चालतो. टिकलीएवढा थेंब रायझोमच्या खालच्या बाजूला लावून दहा सेकंद दाबलं की झालं.

मातीत लावायला क्रिप्टोकोरायनीसारखं रोप नाही. त्याच्या स्पायरालिस आणि रेट्रोस्पायरालिस या जाती पश्चिम घाटाच्या ओढ्या-नद्यांत आपणहून वाढतात. लावल्यावर पहिल्या पंधरवड्यात त्यांची पानं विरघळून जातात, तेव्हा मुळं उपटून टाकू नयेत. तिथूनच नवी पानं येतात. मागच्या बाजूला उंच वाढणारी रोटाला रोटुंडिफोलिया लावावी, तिच्या शेजारी ब्राह्मी. औषधात वापरली जाणारी बाकोपा मोनिएरी हीच ती ब्राह्मी आणि ती पाण्याखाली उत्तम वाढते. पण रोपं घ्यायची ती रोपवाटिकेची. ओढ्यातून उपटून आणू नयेत. तिथली वस्ती आधीच आक्रसते आहे.

रोपवाटिकेत पाणवनस्पती बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टाकीत बुडवल्यावर जुनी पानं गळतात आणि पाण्यातली नवी, पातळ पानं येतात. हा बदल अपेक्षित आहे. लावताना माती फक्त ओली करावी, वरून पाणी फवारत राहावं, लांब चिमट्यानं एकेक काडी तिरकी रोवावी आणि दोन काड्यांत दोन सेंटीमीटर अंतर ठेवावं. पहिल्याच दिवशी भरपूर रोपं लावावीत. मोकळ्या जमिनीवरचा उजेड आणि खत रोपांनी घेतलं नाही तर शेवाळ घेतं.

पाणी आणि वाट पाहणं

आता पाणी. मातीवर प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर बारीक धारेनं ओतावं, म्हणजे उतार धुपत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते एक दिवस उघड्यावर ठेवावं किंवा अँटी-क्लोरिन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट घालावं. दिवा सुरुवातीला सहा तास, रोपं सावरल्यावर आठ.

मासे मात्र लगेच नाहीत. पोषक माती आणि कुजणारी पानं यांतून अमोनिया सुटतो आणि तो माशांना विषारी असतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो, जे रोपं खतासारखं वापरतात. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये आणि दगडांच्या अंगावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणावेत. तेही लहान, तीन-चार सेंटीमीटरचे, थव्यानं फिरणारे. माशाच्या आकारावरून नजर सगळ्या दृश्याचं माप घेते. हाताएवढा गोल्डफिश सोडला तर आपला डोंगर त्याच क्षणी खडा होतो, आणि रोपंही तो उपटतो.

कात्री

तिसऱ्या महिन्यापर्यंत रोपं दगडांवर चढू लागतात. इथून पुढं मांडणी कात्रीनं होते. रोटाला मुख्य दगडाच्या माथ्यापेक्षा उंच गेली की डोंगर बुटका दिसतो, म्हणून ती माथ्याच्या खाली कापावी. दगडाच्या मागे उंच आणि टाकीच्या मोकळ्या बाजूला उतरत जाणारी अशी तिची रेघ ठेवावी. लाकडावरचं मॉस दाट झालं की आतला थर उजेडाअभावी तपकिरी होऊन सगळा झुपका सुटतो, तेव्हा ते पातळ राखावं. छाटलेले तुकडे नाल्यात किंवा तळ्यात टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीनं आपल्या नद्या-तलावांचं काय केलं आहे ते आपण पाहतोच. तुकडे उन्हात वाळवून कुंडीत घालावेत.

प्रत्येक छाटणीआधी कोरड्या टाकीचा तो पहिला फोटो समोर ठेवावा. कुठं कापायचं याचा संभ्रम पडला तर दगड उघडा होईल असं कापावं. रोप महिन्याभरात पुन्हा भरून येतं, पण झाकला गेलेला सांगाडा नजरेआड झाला की पुढची प्रत्येक छाटणी अंदाजानं करावी लागते.